मास्तरांच्या राउटरचा पासवर्ड

“चारू, इकडे ये. मला शिवी आलीय.”

बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत मोबाइल हातभर लांब धरून बसले होते. मी तोंडातला ब्रश तसाच ठेवून बाहेर आले. मला वाटलं, कुणीतरी मेसेज पाठवला असेल. पण त्यांनी दाखवली ती आजूबाजूच्या वायफायची नावं. वरती आमचं होतं, कंपनीने दिलेलं, अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. त्याच्याखाली शेजारच्या बाविस्कर मास्तरांचं: ‘निकुंभ हळू बोला’. निकुंभ म्हणजे आमचे बाबा.

“आज सकाळी लावलंय हे,” बाबा म्हणाले. “कालपर्यंत तिथं नुसतं ‘बाविस्कर’ होतं. मी रोज बघतो.”

“रोज कशाला बघता?”

“फोन उघडला की दिसतं. मग काय डोळे मिटून फोन उघडू?”

मला हसू आवरेना. बाबा जळगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात त्यांची उभी हयात गेली. रिटायर झाले, स्पीकर गेला, आवाज तेवढाच राहिला. ते फोनवर मावशीशी बोलायला लागले की कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही मावशीच्या गुडघ्यांची खबर कळायची. आमचं आणि मास्तरांचं घर म्हणजे जुळं घर, मधली भिंत एकच. मास्तरांनी शिवी दिली नव्हती. अर्ज केला होता.

“याला उत्तर द्यायचं,” बाबा म्हणाले. “आपल्याला बदलता येतं ना नाव?”

येत होतं. मी लॅपटॉप उघडला, ब्राउझरमध्ये राउटरचा तो आकड्यांचा पत्ता टाकला, एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट वगैरे. लॉगिनचं पान आलं. नाव आणि पासवर्ड मागू लागलं. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“आता?”

“राउटरच्या पोटाखाली चिकटवलंय बघा. दोन्हीकडे ‘अॅडमिन’.”

“म्हणजे कुलपालाच किल्ली टांगलेली!” बाबा चाट पडले. “आणि ही माणसं स्वतःला इंजिनिअर म्हणवतात.”

नाव इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागत होतं, तेही तीसेक अक्षरांच्या आत. बाबांनी आधी जो मजकूर सांगितला त्यात मास्तरांच्या तीन पिढ्या होत्या. तो बसला नाही. शेवटी घासाघीस करून ठरलं: ‘मास्तर घोरणं कमी करा’. मी सेव्ह दाबलं आणि घरातलं सगळं इंटरनेट तुटलं. माझं ऑफिसचं काम, टीव्ही, बाबांचा फोन, सगळ्यांना नव्या नावाने पुन्हा जोडून घेईपर्यंत माझी सकाळची मीटिंग अर्धी संपली होती. साहेबांना मी सांगितलं, तांत्रिक अडचण होती.

खरं तर बाबा आणि मास्तर हे जन्माचे दोस्त. घरं एकत्र बांधली, गवंडी एक, विहीर एक. आई आजारी होती त्या काळात मास्तरांच्या घरून, बाविस्कर काकूंच्या हातचा डबा दोन्ही वेळा आमच्याकडे यायचा. आई गेल्यावरही कितीतरी दिवस येत राहिला. आणि बिनसलं ते भरितावरून.

आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. गेल्या वर्षी कॉलनीच्या पार्टीत वांगी भाजायचं काम मास्तरांनी घेतलं होतं. दुपारपासून कपाशीच्या काड्यांच्या धगीत उभे राहून त्यांनी भरीत केलं. बाबांच्या हाती कुणीतरी माइक दिला. वाहतूक नियंत्रकाच्या हाती माइक देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बाबांनी स्टँडवरच्या सुरात पुकारलं, “प्रवाशांनी लक्ष द्यावे. बाविस्कर मास्तरांचे भरीत दोन तास उशिराने येत आहे. आणि आल्यावरही कुणी त्यात बसू नये!” सगळा मळा हसला. मास्तरांनी हातातली पळी खाली ठेवली आणि पायी घरी निघून गेले.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. पुढचा हिवाळा आला तरी.

आता बोलायला लागले होते, असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडून उत्तर आलं. मास्तर शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी लिहिलं होतं: ‘घोरणे असे लिहावे’.

“बघ!” बाबा कडाडले. “माझं व्याकरण काढतो!”

मी परत लॉगिन केलं. ‘शाळा सुटली आता मास्तर’. त्यावर आलं ‘शेवटची गाडी चुकली वाटतं’. मग माझी सकाळ रोज अशीच उगवायला लागली. चहा व्हायच्या आधी बाबा लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, “उघड तुझं पान.” समोरच्या पाटील काकू एरवी नाकासमोर फिरायला जायच्या. त्या आता आमच्या फाटकाशी रेंगाळून फोन काढायच्या. “काय वं चारू, आज काय आलंय?” त्यांचे यजमानही यायचे. एकदा दूधवाला म्हणाला, “ताई, मास्तरांचं आज भारी होतं बरं का.”

मला मात्र घाई होती. मी जळगावला आले होते ती बाबांना पुण्याला न्यायला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा एकटे. ब्लडप्रेशर, त्यात मोतीबिंदू. हर्षलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली होती. या घराला भाडेकरूही बघितला होता. महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून मी बाबांच्या मागे लागले होते आणि बाबा फक्त “बघू” म्हणत होते.

“एकटं कसं राहायचं तुम्ही?” मी विचारायची.

“एकटा कुठाय? हा आहे ना,” म्हणून ते भिंतीकडे बोट दाखवायचे. “चोवीस तास पहारा.”

एकदा त्यांनी मला विचारलं, “पुण्याला तुमच्या वायफायचं नाव काय आहे?”

“माहीत नाही. कंपनीने दिलंय तेच असेल.”

“आणि शेजारच्यांचं?”

“बाबा, तिथं एका मजल्यावर आठ घरं आहेत. मी कशाला बघते!”

बाबांनी परत फोन हातभर लांब धरला.

मग एके सकाळी बाबांनी चूक केली. मला सांगून टाइप करून घेतलं: ‘भरीत जळालं का मास्तर’. मी म्हटलं, बाबा, हे नको. ते म्हणाले, नियंत्रक कोण आहे इथं? मी सेव्ह दाबलं.

पलीकडे दिवसभर सामसूम. दूधवालाही काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तीनच शब्द.

‘मिठाला जागा निकुंभ’.

बाबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मी लॅपटॉप घेऊन उभीच होते.

“काय लिहू?”

“काही नको,” ते म्हणाले. आणि उठून आत गेले.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी उगाच डब्यांची झाकणं उघडबंद केली. मला कळलं, त्यांच्या डोळ्यांसमोर काकूंचा डबा आला असणार. पण काही बोलावं असा त्यांचा चेहरा नव्हता. त्या संध्याकाळी हर्षलचा फोन आला, तेव्हा बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या त्या स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, “जावईबापू, ठरलं. संक्रांत झाली की येतो पुण्याला. काय ठेवलंय इथं? भाडेकरूला होकार कळवून टाका!”

मी जिंकले होते. तरी मला म्हणावा तसा आनंद झाला नाही. मी ते प्रवासाच्या थकव्यावर ढकललं. प्रवास अजून व्हायचाच होता, हे वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याकडे आले ते कपाळाला आठ्या घालून.

“हे काय आहे? याचा अर्थ मला लागत नाही.”

मास्तरांच्या नावाच्या जागी नुसतीच अक्षरं आणि आकडे होते. सुरुवातीला झेड, मधे एफ, शेवटी दोन शून्यं.

“सांकेतिक आहे,” बाबा म्हणाले. “झेड म्हणजे शेवटचं अक्षर. म्हणजे आपलं शेवटचं झालं, असं म्हणायचंय त्याला. एफ म्हणजे... फजिती?”

“आणि शून्यं?”

“ती माझी किंमत केलीय.”

मी घड्याळ बघत होते, मला मीटिंग होती. “बाबा, तो संकेत नाही. कंपनीचं मूळ नाव आहे ते. काकांनी राउटर रिसेट केलाय. मागे एक बारीक भोक असतं, त्यात पिन खुपसून धरली की सगळं पुसलं जातं आणि राउटर नवा होतो. बहुतेक पासवर्ड विसरले असतील.”

“असं होय.” ते जरा सैल झाले. “मग आता परत नाव घालेल.”

“घालतील.”

मी मीटिंगला बसले. मधे पाणी प्यायला उठले तर बाबा व्हरांड्यात फोन हातात घेऊन उभे. जेवायला बसलो तरी फोन ताटाशेजारी.

“अजून तेच आहे.”

“मिळालं नसेल त्यांना लॉगिन. नाशिकला काकूंना विचारत असतील.” बाविस्कर काकू मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या, हे पाटील काकूंकडून कळलं होतं.

“तिला काय विचारणार? आणि मास्तर गप्प बसणारा माणूस नाही. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढील, पण लावील.” बाबांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. “चारू, गाडी वेळेवर स्टँडला लागली नाही तर नियंत्रक काय करतो?”

“पुकारतो?”

“पुकारतो नंतर. आधी मागच्या स्टँडला फोन करतो.”

ते उठले. कोपऱ्यातला जुना लँडलाइनचा फोन उचलला आणि न बघता नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटी वाजायला लागली. आम्हाला स्पष्ट ऐकू येत होती. वाजत राहिली. थांबली. बाबांनी परत फिरवला. परत तेच.

बाबांनी चप्पलही घातली नाही. मी दारापर्यंत पोचते तोवर त्यांनी दोन्ही घरांमधली कंबरेएवढी भिंत ओलांडली होती, ब्लडप्रेशर आणि मोतीबिंदूसकट. मास्तरांच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत त्यांनी हाक मारली, “मास्तर!” समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

आतून बारीक आवाज आला. “दार लोटलेलंय. तोडू नका.”

मास्तर पुढच्याच खोलीत, कॉट आणि कपाटाच्या मधे जमिनीवर पडलेले होते. शेजारी स्टूल आडवं. कपाटावरचा राउटर वायरीला लोंबकळत होता, दिवे लुकलुकत होते. मास्तरांच्या हातात काकूंची सेफ्टी पिन तशीच होती. उजवा पाय घोट्याशी भलत्याच दिशेला वळला होता आणि सुजून दुधी भोपळ्याएवढा झाला होता.

“केव्हापासून पडलाय?” बाबा ओरडले.

“सकाळपासून. पिन दाबून मनात आकडे मोजत होतो. मान वर करून. चक्कर आली.”

“मग हाक नाही मारता येत? मी भिंतीपलीकडे मेलो होतो काय?”

“तुम्हाला? मारली असती. अजून थोड्या वेळाने.”

बाबा खाली बसले. त्यांनी मास्तरांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. तेही इतक्या हळू आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं.

पुढचे दोन-तीन तास बाबा पुन्हा नोकरीवर रुजू झाले. रिक्षा कुठे लावायची, मास्तरांना कसं उचलायचं, पाटील काकांनी कुठली बाजू धरायची, सगळं त्यांनी पुकारलं. दवाखान्यात एक्स-रे निघाला. घोट्याचं हाड मोडलं होतं, पण ऑपरेशन नको, प्लास्टर पुरेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा औषधं आणायला गेले तेव्हा मास्तरांपाशी मी एकटीच होते.

“काका,” मी म्हटलं, “नाव बदलायलाच चढला होतात ना?”

“हो. त्या लॉगिनच्या पानाला मी वेगळा पासवर्ड घातला होता. म्हटलं, निकुंभ घुसला तर माझ्याच राउटरवर माझीच बदनामी करील. आणि मग मीच विसरलो.” ते ओशाळून हसले.

“काय लिहिणार होतात?”

ते प्लास्टरवरचा कापूस चिमटीने ओढायला लागले. मला वाटलं, सांगणार नाहीत.

“काल संध्याकाळी तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं ना, पुण्याला येतो म्हणून. भिंतीतून आलं ऐकू. त्यांचं सगळंच येतं. ‘निकुंभ जाऊ नका’. एवढंच. तोंडाने बोलायचं जमलं नसतं. तिथं लिहून ठेवलं की वाचलं तर वाचलं.”

मी काही बोलायच्या आत बाबा औषधांची पिशवी घेऊन आले. मास्तरांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, सांगू नकोस.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. कॉटवर निजवलं, पायाखाली दोन उशा दिल्या. तेवढ्यात लँडलाइन वाजली. नाशिकहून काकू बोलत होत्या. दुपारी मुलगी झाली होती, त्या तेव्हापासून फोन करत होत्या, कुणी उचलतच नव्हतं. आता व्हिडिओवर बाळ दाखवायचं होतं. मास्तर धडपडून उठायला लागले. पण त्यांच्या घरात मोबाइलची रेंज फक्त मागच्या अंगणात, तुळशीपाशी उभं राहिलं तरच यायची आणि वायफाय तर पुसून बसलेलं. आमचं वायफाय भिंतीतून नावापुरतंच यायचं.

“चारू,” बाबा म्हणाले, “उघड तुझं पान.”

मी राउटर खाली काढला, पोटाखालची चिठ्ठी वाचून लॅपटॉप जोडला. तोच आकड्यांचा पत्ता, तेच लॉगिनचं पान. दोन्हीकडे ‘अॅडमिन’ टाकलं. आत गेले. कनेक्शनचा तपशील मास्तरांनी कॉटवरून सांगितला. पण राउटर हट्टी निघाला. आधी नवा पासवर्ड घाला, मगच पुढे जाऊ देईन म्हणाला.

“काय घालू, काका?”

“सोपं काहीतरी घाल. मी परत विसरेन.”

“तुम्ही कशाला लक्षात ठेवता?” बाबांनी लॅपटॉप माझ्याकडून आपल्या मांडीवर ओढून घेतला. “मी ठेवतो.”

आणि त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करायला सुरुवात केली. दुसरा हात कीबोर्डवर आडवा धरला होता, मास्तरांना दिसू नये म्हणून. मलाही दिसू दिलं नाही.

“अहो, राउटर माझा आहे!” मास्तर कॉटवर कोपरांवर उठले.

“असू दे. लागेल तेव्हा मला हाक मारायची. वेळेवर. सकाळपासून पडून राहायचं नाही.”

“आणि तुम्ही पुण्याला गेल्यावर?”

बाबांचं बोट कीबोर्डवर अधांतरी राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मास्तरांकडेही नाही. पान तोच पासवर्ड पुन्हा एकदा मागत होतं.

“आधी तुमचा पाय बरा होऊ द्या,” ते म्हणाले. “मग बघू.”

वायफायचे दिवे हिरवे झाले. मी मास्तरांचा फोन जोडून त्यांच्या हातात दिला. पडद्यावर आधी दवाखान्याचं छत दिसलं, मग गुंडाळलेलं एवढंसं लालबुंद तोंड, डोळे घट्ट मिटलेले. मास्तर बघतच राहिले. बाबा त्यांच्या डोक्यावरून वाकले आणि म्हणाले, “नाक आजोबांवर गेलंय. बिचारी.”

तिकडून काकूंची किंकाळी आली. “अगंबाई! निकुंभ भाऊजी? आमच्या घरात?”

“वहिनी,” बाबा म्हणाले, आणि थांबले. “तुमच्या माणसाला आता रोज डबा आमच्याकडून. मला भाकरी येते. भरीत मात्र यांनीच शिकवायचं आहे.”

काकू तिकडे रडायला लागल्या की हसायला, ते कळलं नाही. बाळ मात्र नक्की रडत होतं. मास्तर तोंड भिंतीकडे करून चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या नाकावरच होता.

मी मागच्या अंगणात गेले, तुळशीपाशी उभी राहिले आणि हर्षलला फोन लावला.

“भाडेकरूला नको म्हणून सांग,” मी म्हटलं.

“का? बाबांनी परत नकार दिला?”

“नाही. नकार नाही दिला.”

आतून दोघांचे आवाज येत होते. आता नाव काय ठेवायचं, यावर जुंपली होती. हर्षल म्हणाला, “तिकडे कोण भांडतंय?” मी म्हटलं, ऐक जरा, आणि फोन खिडकीच्या दिशेने धरला.

मास्तरांचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. बाबांचं “मग बघू” अजून चाललंय.